कौसल्या बाप्याच्या आवाजात कशी?

परवाची गोष्ट. दुपारची जेवणं आटोपली होती आणि मी ओटा पुसत होते. माझी पुतणी इथं वारणानगरातच इंजिनिअरिंगला आहे, सुट्टीचा दिवस म्हणून घरी होती. कानात ती इवलीशी बोंडं खुपसून कॉटवर आडवी झाली होती आणि मधेच स्वतःशी हसत होती. मला राहवलं नाही. म्हटलं, "काय ऐकतेस एवढं? आम्हालाही ऐकू दे की."

तिनं आवाज मोठा केला. एका बाईचा नाजूक, काचेसारखा आवाज. शब्द इंग्रजी होते, मला निम्मे कळले, निम्मे नाही. पण आवाजात काहीतरी होतं हे खरं. भांडी विसळता विसळता माझा हात थांबला.

"कोण गं ही?"

"ऑरोरा. नॉर्वेची आहे, काकी. गाणं स्वतः लिहिते, स्वतः चाल लावते आणि स्वतःच गाते. लहान असल्यापासून पियानोवर बसून गाणी करायची म्हणे." मग तिनं मला सगळी कुंडलीच सांगितली. २०२४ च्या जूनमध्ये तिचा नवा अल्बम आला. त्याच्या आधी त्यातली गाणी एकेक करून सोडली, म्हणजे लोक पुढच्या गाण्याची वाट बघत राहतात. अल्बम आला की दौरा. आज या देशात, परवा त्या देशात, युरोप झाला की अमेरिका. "अख्खं वर्ष गाणी आणि प्रवास, काकी! काय लाइफ आहे ना?"

आमच्या आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, खिडकीशी लसूण सोलत बसल्या होत्या. वय ८१. ऐकू जरा कमी येतं, पण नको ते बरोबर येतं. लसणाची पाकळी सुपात टाकत त्या म्हणाल्या, "त्यात काय नवीन? आमच्या बाबूजींनी केलं की ते. वर्षभर दर शुक्रवारी नवं गाणं. आणि मग जन्मभर गावोगाव."

पुतणीला बाबूजी म्हणजे कोण ते कळेना. आत्तींना नॉर्वे कुठं आलं ते कळेना. मग काय, मधे मी.

मैत्रिणींनो, गीतरामायण आपल्याला इतकं सवयीचं झालंय, की ते कधीतरी नवीन होतं, त्याचं एकेक गाणं कुणीतरी घाईघाईनं लिहून, चाल लावून, वेळेवर उभं केलं होतं, हे आपल्या ध्यानातच येत नाही. जणू ते रामायणाबरोबरच जन्माला आलं. पण त्याला जन्मतारीख आहे. १ एप्रिल १९५५, शुक्रवार, रामनवमी. पुणे आकाशवाणी केंद्र तेव्हा जेमतेम दीड वर्षाचं होतं. तिथले सीताकांत लाड यांच्या मनात आलं, की रेडिओवरून श्रोत्यांना वर्षभर पुरेल असं काहीतरी द्यावं. ग. दि. माडगूळकरांनी, म्हणजे गदिमांनी, रामकथा गाण्यांतून सांगायचं ठरवलं आणि चालींची जबाबदारी सुधीर फडक्यांवर, बाबूजींवर आली. सकाळी पावणेनऊच्या सुमाराला गाणं लागायचं. शुक्रवारी पहिल्यांदा, मग तेच शनिवारी आणि रविवारी पुन्हा. म्हणजे शुक्रवारी कामाच्या गडबडीत चुकलं तरी रविवारी ऐकता यायचं.

वर्षाचे आठवडे ५२, म्हणून गाणी ५२ असा हिशेब होता. पण त्या वर्षी अधिक महिना आला, अधिक भाद्रपद. रामनवमी ते रामनवमी हे वर्ष लांबलं आणि गाणी झाली ५६. शेवटचं गाणं १९ एप्रिल १९५६ च्या रामनवमीला लागलं. अधिक महिन्यात आपण जावयाला अनारसे देतो. त्या अधिकानं मराठी माणसाला चार गाणी जास्तीची दिली, असं मी आत्तींना म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "मग जावयापेक्षा बरं झालं."

आता ५६ आठवडे दर आठवड्याला नवं गाणं म्हणजे काय, ते जरा डोळ्यांपुढं आणा. आपल्याला रोज 'आज भाजी काय करायची' हा प्रश्न पडतो ना, तसं. आज केलेलं उद्या चालत नाही. गदिमा पुण्यात आणि चित्रपटाच्या कामात बुडालेले. बाबूजींचं बिऱ्हाड मुंबईत, तेही चित्रपटाच्या कामात. शब्द हातात पडायचे, त्यावर चाल बांधायची, गायकाला शिकवायची, वादकांना बसवायची आणि ध्वनिमुद्रण करायचं. पुढच्या आठवड्याला पुन्हा तेच. तरी चालींत तोचतोचपणा नाही. ३६ राग वापरलेत म्हणे त्यात. मला रागांतलं काही कळत नाही, पण सेतू बांधतानाचं गाणं आणि सीतेचं गाणं एका मुशीतली नाहीत एवढं माझ्यासारखीलाही कळतं.

पहिल्याच गाण्याची गंमत सांगतात. गदिमांनी लिहिलेला कागद ऐन वेळी हरवला. ध्वनिमुद्रणाची वेळ आली, वादक बसलेले, आणि शब्दच नाहीत! गदिमा वैतागले. शेवटी लाडांनी त्यांना एका खोलीत बसवून बाहेरून कडी लावली म्हणे, आणि थोड्याच वेळात ते गाणं नव्यानं लिहून बाहेर आले. ही गोष्ट जो तो थोडी वेगळी सांगतो. पण मला ती आवडते, कारण मोठी माणसंही आपल्यासारखीच कागद हरवतात आणि कुणीतरी कडी लावल्याशिवाय त्यांचंही काम होत नाही.

आणि हो, आम्हा कोल्हापूरकरांचा यात वाटा आहे बरं का. बाबूजी कोल्हापूरचेच. २५ जुलै १९१९ चा जन्म, पाळण्यातलं नाव रामचंद्र. म्हणजे रामाचं गाणं करणारा नावानंही रामच. गाण्याचे पहिले धडे त्यांनी कोल्हापुरातच वामनराव पाध्यांकडं घेतले. गदिमा शेजारच्या सांगली जिल्ह्यातले, शेटफळ्याचे. दोघं एकाच वर्षी जन्मलेले. गदिमांची सुरुवातीची ओढगस्तीची वर्षं कोल्हापूरच्या चित्रपट कंपन्यांत गेली. त्यांच्या पत्नी विद्याताई या माहेरच्या पद्मा पाटणकर, कोल्हापूरच्याच, आणि त्या स्वतः गायच्या. पुढं त्यांनी 'आकाशाशी जडले नाते' हे आठवणींचं पुस्तक लिहिलं. विद्याताईंच्या गाण्याचं पुढं काय झालं, असा प्रश्न माझ्या मनात येतोच. या लेखात तो मला पुन्हा पुन्हा आडवा येणार आहे.

आत्तींचं माहेर कोल्हापुरातलं. १९५५ साली त्या अकरा वर्षांच्या. वाड्यात दहा बिऱ्हाडं आणि रेडिओ एकच, मालकांकडं. तेव्हा रेडिओला वर्षाचं लायसन काढावं लागे, घरोघरी कुठला असायला! शुक्रवारी सकाळी मालकांच्या ओसरीवर ही गर्दी. बायका हातातलं काम टाकून यायच्या, नाहीतर हातातलं काम घेऊन यायच्या. कुणी वाती वळतंय, कुणी पोराची वेणी घालतंय. मालकीणबाई रेडिओला हळदकुंकू वाहायच्या, उदबत्ती लावायच्या, मोगऱ्याचा गजरा घालायच्या. रेडिओची पूजा केल्याच्या अशा आठवणी महाराष्ट्रभर सांगतात, मला आधी ती अतिशयोक्ती वाटायची. आत्ती म्हणाल्या, "अगं, उदबत्तीची राख जाळीतनं आत पडायची. मालक चिडायचे."

पुण्याच्या वर्तमानपत्रांत गाण्याचे शब्द छापून यायचे. आत्तींच्या वडिलांना कुणीतरी तो अंक आणून द्यायचं, आणि त्यावरून आत्ती वहीत उतरवून घ्यायच्या. शाळेची शंभर पानी वही, शाईचा टाक. ती वही आजही आमच्या कपाटात आहे, पाठीला खळ लावून चिकटवलेली. काही पानं उंदरानं कुरतडली, काही पुसली. पण तिच्यातली एक गोष्ट मला आजवर कधी नीट उमगली नव्हती. प्रत्येक गाण्याच्या वर आत्तींनी गाणाराचं नाव लिहिलंय. बाळबोध अक्षरात, खाली दोन रेघा मारून.

इथंच खरी गोष्ट सुरू होते.

रेडिओवरचं गीतरामायण एका आवाजातलं नव्हतं. ज्याचं त्याचं गाणं ज्याच्या त्याच्या आवाजात. रामाचं बाबूजी गायचे, दशरथाचं बबनराव नावडीकर, भरताचं वसंतराव देशपांडे. आणि बायकांची गाणी बायकाच गायच्या. सीता म्हणजे माणिक वर्मा. तोच आवाज, ज्याच्यावर अख्खा महाराष्ट्र फिदा होता (आजच्या मुलींना सांगायचं तर भारती आचरेकर आणि वंदना गुप्ते यांची आई). कौसल्या म्हणजे ललिता फडके, बाबूजींच्या पत्नी. अहल्या आणि शबरी म्हणजे मालती पांडे. शूर्पणखा कोण होती माहितीये? योगिनी जोगळेकर! ज्यांच्या कादंबऱ्या आपल्या आया वाचनालयातून आणून दुपारी वाचायच्या, त्याच. त्या शास्त्रीय संगीत शिकलेल्या गायिका होत्या, हे कितीजणींना ठाऊक असेल? रामावर भाळलेल्या आणि नाक कापलं गेल्यावर पिसाळलेल्या बाईचं गाणं एका लेखिकेनं म्हटलं, हे मला फार आवडलं.

शिवाय जन्माची, राज्याभिषेकाच्या गडबडीची अशी गाणी बायकांच्या समूहानं म्हटलेली. रामजन्माचा आनंद राजवाड्यात नाही, सख्यांच्या तोंडून कळतो. म्हणजे दर दोन-तीन आठवड्यांनी एक शुक्रवार बायकांचा असायचा.

गदिमांनी बायकांना शब्दही तसेच दिलेत. मूल नाही म्हणून आतल्या आत झुरणारी कौसल्या आणि लेकराला वनात जाताना अडवणारी कौसल्या. वचनाला हटून बसलेली कैकेयी. शेवटी टाकून दिलेली सीता, जी विचारते की आता मी जाऊ कुठं. आपल्याकडं जात्यावरच्या ओव्यांत सीतेचा वनवास बायकांनी पिढ्यान्पिढ्या गायलाय. गी पॉइतव्हँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा लाखभर ओव्या गोळा करून ठेवल्या. त्यात राम कमी आणि सीता जास्त. माझ्या पुतणीची ती नॉर्वेची मुलगी गाणं स्वतः लिहून स्वतः गाते, याचं तिला मोठं अप्रूप. अगं, तुझ्या खापरपणजीनं दुसरं काय केलं? पहाटे चार वाजता जात्याच्या खुंट्याला धरून शब्दही तिचे, चालही तिची, गळाही तिचा. फक्त अल्बम निघाला नाही आणि दौरा माहेर ते सासर एवढाच. गदिमा माणदेशातले. आईच्या ओव्या ऐकतच मोठे झाले असणार. त्यांच्या सीतेच्या आणि कौसल्येच्या तोंडी ते पाझरलंय असं मला वाटतं. हे माझं मत, कुणी विद्वानांनी रागावू नये.

तर ते ५६ गाण्यांचं वर्ष संपलं. ३ ऑक्टोबर १९५७ ला, विजयादशमीला, गीतरामायणाचं पुस्तक आलं. आणि २८ मे १९५८ ला पुण्यात गदिमांच्या 'पंचवटी' बंगल्यात बाबूजींनी पहिल्यांदा लोकांसमोर बसून गीतरामायण गायलं. तिथून पुढं जो दौरा सुरू झाला तो त्यांच्या अखेरीपर्यंत. २९ जुलै २००२ ला बाबूजी गेले. तोवर त्यांनी अठराशेच्या आसपास कार्यक्रम केल्याचं सांगतात. पुतणीला मी म्हटलं, कर हिशेब, चव्वेचाळीस वर्षांत अठराशे. तिनं मोबाइलवर केला. वर्षाला चाळीसहून जास्त, म्हणजे नऊ दिवसांला एक. तेही साऱ्या चित्रपटांचं संगीत करता करता. त्यातले कितीतरी कार्यक्रम कुठल्या ना कुठल्या कामाच्या मदतीसाठी. सावरकरांवरचा चित्रपट लोकवर्गणीतून काढला, त्याचा पैसाही अशाच कार्यक्रमांतून जमवला, आणि तो २००१ साली पडद्यावर आला तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती.

पण या दौऱ्यात सोबत कोण? तबला, व्हायोलिन, अशी दोन-चार वाद्यं. व्हायोलिनवर पुष्कळदा प्रभाकर जोग, जे पहिल्यापासून त्यांचे सहायक. आणि समोर हार्मोनियम घेऊन बाबूजी एकटे. राम तेच, दशरथ तेच, सीता तेच, कौसल्याही तेच. १९६५ साली एचएमव्हीनं दहा रेकॉर्डींचा संच काढला, तोही एकट्या बाबूजींच्या आवाजात. रेकॉर्डीवरून कॅसेट, कॅसेटवरून सीडी. आपण सगळ्यांनी ऐकलं ते हे गीतरामायण. रामनवमीला देवळाच्या भोंग्यावर लागतं ते हेच.

आमच्या घरी कॅसेटचा संच आला तो माझ्या लग्नानंतर. माझ्या मिस्टरांनी आत्तींसाठी कोल्हापुरातून आणला होता. मला वाटलं त्या खूश होतील. त्यांनी सगळा संच ऐकला, तीन-चार दिवस लागले. बाबूजींचं गाणं त्यांना आवडायचंच, डोळे मिटून ऐकायच्या. पण कौसल्येच्या गाण्याला त्या हमखास उठून जायच्या. एकदा मी विचारलं, तर म्हणाल्या, "अगं, कौसल्या बाप्याच्या आवाजात कशी? तिला पोर होत नाही म्हणून ती रडतीय. ते बाप्याला काय कळणार?"

मी तेव्हा नवी सून, हसले. मनात म्हटलं, म्हातारीचं काहीतरीच.

त्यावर मी बाबूजींची बाजूही घेते हं, आत्तींशी घेतलीसुद्धा. दहा-बारा गायक-गायिका घेऊन गावोगाव कसं फिरणार? एस्टीचा, नाहीतर रेल्वेचा प्रवास. राहायची सोय, मानधनं, प्रत्येकाच्या तारखा जुळवणं. आम्हा वारणानगरकरांना याची थोडी कल्पना आहे, कारण तात्यासाहेब कोऱ्यांनी इथं मुलांचा बालवाद्यवृंद उभा केला, त्या पोरांना आणि वाद्यांना गावोगाव न्यायचं म्हणजे कारखान्याचा गळीत हंगाम काढण्याएवढीच तयारी. आणि त्या काळी माणिकताईंसारख्या गायिकेनं घरसंसार सोडून वर्षातले चाळीस दिवस नुसत्या दोन-तीन गाण्यांसाठी फिरायचं? ते व्हायचं नाही. एका माणसाच्या बैठकीतच ते परवडणार होतं. बाबूजींनी ते केलं म्हणून गीतरामायण खेड्यांत पोचलं, नाहीतर पुणे केंद्राच्या कपाटात धूळ खात पडलं असतं. त्यांचं गाणंही असं, की सीतेचं दुःख गाताना ते बायकी आवाज काढत नाहीत. शब्द असा काही उच्चारतात, की तो शब्दच रडतो. हे सगळं खरं.

आणि तरीही आत्तींचं म्हणणं उरतंच. दौरा सुरू झाला तसे बायकांचे आवाज मागं पडले. कुणी ठरवून केलं असं नाही. सोयीसोयीनं होत गेलं. आपल्या घरातही असंच होतं की नाही?

ललिताबाईंचीच गोष्ट बघा. लग्नाआधीच्या त्या ललिता देऊळकर. १९४० च्या दशकात हिंदी चित्रपटांत त्यांचं नाव होतं, महंमद रफींबरोबर गायल्या होत्या. १९४९ साली बाबूजींशी लग्न झालं, तेव्हा मंगलाष्टकं खुद्द रफींनी म्हटली, असं आवर्जून सांगतात. ही आठवण वाचली की लोक रफींचं कौतुक करतात. मला मात्र वाटतं, अंतरपाटाच्या अलीकडं उभी असलेली नवरी स्वतः केवढी गायिका होती! पुढं त्यांचं गाणं कमी होत गेलं. घर, मुलगा, बाबूजींचे दौरे. कौसल्या रेडिओवर गायल्या त्या. रेकॉर्डीवर कौसल्येचं गाणं गायलं ते त्यांच्या नवऱ्यानं. ललिताबाई २०१० साली गेल्या. त्यांना याचं काही वाटलं असेल का, कोण जाणे. आपण त्यांच्या मनातलं बोलू नये. पण एक बाई म्हणून मला त्या जागी थबकायला होतं.

आत्तींचं लग्न १९६२ ला झालं. त्या कोल्हापुरातून या माळावर आल्या. त्या जन्मल्या तेव्हा वारणानगर हे नावही नव्हतं. कोडोली होती आणि पुढं नुसता माळ. १९५९ ला साखर कारखाना सुरू झाला आणि मग गाव वसलं. सासरे कारखान्यात. घरात आठ माणसं. आत्तींना गळा चांगला होता, हे मला माझ्या मिस्टरांच्या मावशीनं सांगितलं, आत्तींनी कधी नाही. लग्न ठरवताना मुलाकडच्यांनी गाणं म्हणायला लावलं होतं, तेव्हा त्यांनी कौसल्येचंच म्हटलं. त्यानंतर या घरात कुणी त्यांना गा म्हटलं नाही. डोहाळजेवणात, बारशाला बायका आग्रह करायच्या तेव्हा तेवढं. सांगली आकाशवाणी १९६३ ला सुरू झाली, घरी ट्रान्झिस्टर आला. पुढं लिज्जतचं केंद्र इथं झालं तेव्हा आत्ती पापड लाटायला लागल्या. सकाळी केंद्रातून पीठ आणायचं, घरी लाटायचं, दुसऱ्या दिवशी वाळलेले पापड पोचवायचे. लाटताना ट्रान्झिस्टर शेजारी. त्या म्हणतात, पापडाला हात गाण्याच्या तालावर चालला की लाटी एकसारखी होते.

बाबूजींना त्यांनी प्रत्यक्ष एकदाच ऐकलं. कोल्हापुरात, रामनवमीच्या उत्सवात, मांडवाखाली. साल त्यांना आठवत नाही, पण माझी धाकटी नणंद तेव्हा मांडीवर होती. कौसल्येचं गाणं सुरू झालं आणि पोरीनं भोकाड पसरलं. पुढच्या रांगेतल्या माणसांनी वळून बघितलं. आत्ती पोरीला घेऊन मांडवाच्या बाहेर आल्या आणि उरलेलं गाणं त्यांनी नारळवाल्याच्या गाडीशी उभं राहून ऐकलं. "बरंच झालं," म्हणाल्या, "भायेर उभं राहून मी माझी माझी म्हटलं." म्हणजे तिथं भोंग्यातून बाबूजी आणि गाडीपाशी आत्ती, दोघं एकदम.

हे सगळं बोलणं चालू असताना पुतणी मोबाइलवर काहीतरी शोधत होती. या मुलांना गप्प बसून ऐकता येत नाही, ऐकता ऐकता शोधायचं असतं. मधेच म्हणाली, "काकी, ते रेडिओवरचं जुनं आहे इथं."

"कुठलं जुनं?"

"हे बघ ना. आकाशवाणीचं मूळ. गाणाऱ्या बायकांची नावं पण लिहिलीत."

मला खरंच वाटेना. इतक्या वर्षांत आपण कधी शोधलंच नव्हतं. मी वही आणायला कपाटाकडं गेले. पुतणीनं मोबाइल आत्तींच्या मांडीवर ठेवला, मग त्यांना ऐकू येईना म्हणून कानाशी धरला. ती बोंडं कानात घालायला आत्ती तयार नव्हत्या, "नगं गं, कान दुखतोय." शेवटी स्टीलच्या रिकाम्या डब्यात मोबाइल ठेवला. ही युक्ती पुतणीचीच, आवाज मोठा होतो म्हणे.

खरखर झाली. मग वाद्यं. आणि मग ललिताबाई.

आवाज रेकॉर्डीसारखा चकचकीत नाही. जरा लांबून आल्यासारखा, मधे मधे विरतो. पण बाईचा आवाज. एका बाईनं, जिला कळतंय, तिनं म्हटलेलं. माझ्या अंगावर काटा आला. आत्तींनी सूप बाजूला सारलं. हात लसणाच्या सालपटांनी भरलेले, ते तसेच मांडीवर पालथे ठेवले. दुसऱ्या कडव्याला त्यांचे ओठ हलायला लागले. आवाज नव्हता, नुसते ओठ.

गाणं संपलं तरी कुणी काही बोललं नाही. मग आत्तींनी पुतणीला विचारलं, "माणिकबाईंचं पण हाय का ह्यात?"

"सगळ्यांचं आहे, आज्जी."

"आणि मालती पांड्यांची शबरी?"

"थांब, बघते."

मी वही उघडली. पहिल्या पानांपैकी एकावर, दोन रेघांच्या वर, अकरा वर्षांच्या मुलीच्या अक्षरात लिहिलं होतं, 'कौसल्या – सौ. ललिता फडके'. आत्तींनी चष्मा मागितला. बराच वेळ बघून म्हणाल्या, "ल चुकलाय बघ माझा. तवा येत नव्हता नीट."

पुतणीनं त्या पानाचा फोटो काढला. संध्याकाळपर्यंत डब्यातून शबरी झाली, अहल्या झाली, शूर्पणखा झाली. शूर्पणखेला आत्ती मनापासून हसल्या. रात्रीच्या भाकऱ्यांना उशीर झाला आणि मिस्टर कामावरून आले तेव्हा लसूण अर्धाच सोललेला होता. ते म्हणाले, "आज काय चाललंय घरात?" आत्ती म्हणाल्या, "शुक्रवार हाय."

वार रविवार होता.